भावसिंगच्या दुकानात विद्यापीठ आलं

हिंगोलीत एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत भावसिंग राठोडचं ड्रेसचं दुकान आहे. इथले कपडे विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात. शाळेचं गॅदरिंग असो, गणपतीतला देखावा असो, नाहीतर कुणा पुढाऱ्याच्या मिरवणुकीतले मावळे असोत, या गावात ज्याला कुणाला घटकाभर दुसरं कोणीतरी व्हायचं असतं, त्याला आधी भावसिंगची पायरी चढावी लागते. दुकानात पांढरी दाढी एकच. तीच ऋषीला, तीच फकिराला आणि डिसेंबरात तीच सांताक्लॉजला. ती धुवायला टाकली की त्या दिवशी हिंगोलीत कुणालाही म्हातारं होता येत नाही.

माणसाचं माप तो टेप न लावता सांगतो, आणि सांगतो तेही रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. "सर, दिवाळीपासून दोन बोटं वाढले की तुमी." त्यामुळे गल्लीतली भली भली माणसं त्याच्या दुकानावरून जाताना पोट आत ओढून घेतात आणि पानटपरी ओलांडली की सोडतात. स्वतः भावसिंग मात्र बारा महिने राखाडी सफारीत. ज्याच्या हाताखालून इतके राजे आणि सेनापती गेले, त्याने बंद दुकानात एकदा तरी फेटा बांधून पाहिला असेल, असं गल्लीला वाटतं. पण पाहिलेलं कुणी नाही.

त्याचा जन्म सेनगावकडच्या तांड्यावरचा. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि भावसिंग त्यांच्याबरोबर. शाळेचं गॅदरिंग नेमकं जानेवारीत. त्यामुळे मास्तरांनी दरवर्षी त्याला काही ना काही सोंग द्यायचं आणि दरवर्षी ते दुसऱ्याच कुणीतरी वठवायचं, असं चालायचं. पुढे कारखान्याच्या गावात एका शिंप्याच्या हाताखाली तो मशीन शिकला, हिंगोलीत आला, बायको आली, पोरगी झाली, दुकान झालं. दुकान धंद्यासाठी काढलं असं तो सांगतो. गल्लीला कारण वेगळंच वाटतं, पण गल्लीचं काय, तिला कशाचंही काहीही वाटतं.

पोरगी म्हणजे मिना. एकुलती एक. बोलायला बापासारखीच, फक्त बाप सांगत सुटतो आणि ही विचारत सुटते. शहराबाहेर विद्यापीठाचं उपकेंद्र झालं, तिथं ती समाजशास्त्रात एम.ए. करते.

हे उपकेंद्र झालं तेव्हा लोकांना वाटलं होतं की आता गावात पुण्यासारखी पोरं दिसतील, चष्मेवाली, गिटारवाली. दिसली ती आपलीच. तांड्यावरच्या पोरी, औंढ्याच्या डोंगरातली आंध आदिवासी समाजाची पोरं, बुद्धविहारामागच्या वस्तीतल्या एका घरच्या दोन बहिणी, हळदीचं वावर भावावर टाकून आलेले शेतकऱ्यांचे लेक. उर्दू शाळेतून आलेल्या मोहल्ल्यातल्या मुली तर मराठीच्या पेपरात मराठ्यांच्या पोरांना मागे टाकून राहिल्या. पोलीस भरती काही होईना म्हणून वर्गात येऊन बसलेले गडी होते, आणि लेकरू अंगणवाडीत सोडून पहिल्या बसने येणाऱ्या लेकुरवाळ्या होत्या. मिनाने हा सगळा गोतावळा आपल्या अभ्यासाला घेतला. कोण कुठून येतं, कशाने येतं, घरात आधी कोण शिकलं, कुणाचं शिकणं मधेच सुटतं आणि काहून सुटतं. एकेकाला गाठून गाठून तिने विचारलं. वर्षभर तिला लांबून पाहिलं की पोरं झाडाआड व्हायची. बापालाही सोडलं नाही तिने. किती शिकले म्हणून विचारलं तर भावसिंग म्हणाला, आठवी पास, पण काजेबटनात डॉक्टर.

आणि मग उपकेंद्राची तपासणी करायला दिल्लीहून समिती येणार असं ठरलं.

समितीला इमारत दाखवायची, ग्रंथालय दाखवायचं, आणि वरून असंही सांगणं आलं की विद्यार्थ्यांमधली विविधता दाखवायची. विविधता दाखवायची म्हणजे काय, यावर उपकेंद्रात दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की ज्या त्या समाजाच्या मुलामुलींनी आपापल्या पारंपरिक वेषात गेटवर उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि दिवसभर त्यांच्याबरोबर फिरायचं. त्याशिवाय एका विद्यार्थ्याने सभागृहात समितीपुढे बोलायचं. सांस्कृतिकचं काम आकांक्षा मॅडमकडे होतं, तेव्हा त्या भावसिंगच्या दुकानात आल्या. नव्याच लागलेल्या, समंजस बाई. हे काम त्यांच्या मनातून नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण नोकरी ती नोकरी.

भावसिंगने सगळं बाहेर काढलं. कोळी, पंजाबी, काश्मिरी, मावळा. आदिवासी म्हणून हिरव्या प्लास्टिकच्या पानांचा घागरा आणि कोंबड्याच्या पिसांचा मुकुट काढला, तेव्हा मॅडमनी नजर दुसरीकडे वळवली.

"आन तुमचा स्वतःचा कोणता काढू?" भावसिंगने विचारलं.

मॅडम विहारामागच्या वस्तीतच वाढलेल्या. "माझ्या आईचा म्हणाल तर सुती लुगडं, तेही कामावर जायचं," त्या म्हणाल्या. "ते तुमच्याकडे नसेल."

नव्हतंच. भावसिंगला ते लागलं. आपल्याकडे नाही असं म्हणायची त्याला सवय नाही. मग त्याने आपला हुकमी पत्ता काढला. बंजाऱ्यांचा ड्रेस, म्हणाला, दुकानात आहे तो नका नेऊ, तो शाळेच्या लेकरांसाठी. खरा माझ्या आईकडे तांड्यावर आहे. हाताने टाके घातलेला फेटिया म्हणजे घागरा, आरशांची कांचळी म्हणजे चोळी, अंगभर चांदी. तो मी भाड्याने देत नाही. पण विद्यापीठाचं काम आहे, माझी मिना तिथंच शिकते, तिला घालून गेटवर सर्वांच्या पुढे उभी करतो. मॅडम दोनदा काही बोलायला गेल्या. पण भावसिंग एकदा सुरू झाला की समोरच्याला फक्त मान हलवायची जागा उरते. मॅडमनी मान हलवली. मिनानेच हे सांगायला लावलं असेल असं त्यांना वाटलं.

झालं काय होतं, ते भावसिंग सोडून सगळ्यांना माहीत होतं. सभागृहात बोलायचं ते मिनाने बोलायचं असं जवळजवळ ठरलेलं होतं. वर्षभर तिने जे विचारलं होतं तेच ती मांडणार होती. पण गेटवरची पोरगी दिवसभर समितीबरोबर फिरणार, मग ती बोलायला कधी उभी राहणार? तेव्हा बोलण्याचं काम विजयकुमारकडे गेलं. विजयकुमार हा वसमतकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, अंगाने धिप्पाड, आवाज खणखणीत. मिनाने लिहिलेलंच तो वाचून दाखवणार होता.

मिना घरी आली ती सरळ आत गेली. भावसिंग खुशीत होता. तिच्या आईला सांगत होता की पोरीचा फोटो पेपरात येणार. मिनाने ताटावर बसल्यावर तेवढं एकच वाक्य म्हटलं.

"बापू, दाढी भाड्यानं देता तसं मला देऊन आले तुमी."

आणि त्यानंतर ती बापाशी बोलायची बंद झाली. सगळी हकिकत त्याला बायकोकडून कळली. रागावली असती, भांडली असती तर भावसिंगने तोंडाने निभावून नेलं असतं. पण ती चहा आणून ठेवायची आणि निघून जायची. गल्लीतल्या लोकांनी त्या आठवड्यात पोट मोकळं सोडून दुकानासमोरून जाऊन पाहिलं, भावसिंगने मान वर केली नाही.

मॅडमकडे जाऊन सरळ नाही म्हणावं, हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. दोनदा तो उपकेंद्राच्या रस्त्याला लागला आणि दोनदा परत फिरला. दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा, हे काही त्याला येत नव्हतं. शेवटी निदान ड्रेस तरी आणून ठेवावा म्हणून तो तांड्यावर गेला.

त्याची आई, तांड्यावर तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आईच, दारात बसून तूर पाखडत होती. भावसिंगने बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत सगळं सांगितलं. विद्यापीठ, दिल्लीचे साहेब, गेट. याडीने सूप खाली ठेवलं नाही.

"मिनाचं लगन ठरलं का?" तिने विचारलं.

"न्हाई. शिकून राहिली ना."

"मग माझी घुगरी-टोपली ती कशी घालील?"

भावसिंगच्या हे ध्यानातच नव्हतं. बंजाऱ्यांत केसांतली घुगरी-टोपली आणि दंडावरचा चुडा लग्न झालेल्या बाईचा. कुवार पोरीने तो घातला तर तांड्यावरचा पहिला माणूस विचारील की नवरा कुठला. इतकी वर्षं जगाला कपडे चढवणाऱ्या माणसाने ही चूक आपल्याच घरात करून ठेवली होती. मग त्याने धंद्यातला मार्ग काढून पाहिला. घुगरी राहू द्या, चुडा राहू द्या, नुसता फेटिया आणि कांचळी द्या. याडी म्हणाली की अर्धा ड्रेस तुझ्या दुकानात असतो, माझ्याकडे पुरा असतो.

"मग कोनाला देतीस?" त्याने विचारलं.

"नवरा असलेली कोनतीबी आन. कोनाचीबी असू दे. चढवीन मीच."

भावसिंगला वाटलं ती तांड्यातली कुणी म्हणते आहे. त्याने पुन्हा विचारलं. याडीला जातीचं काही पडलेलं नव्हतं, तिचा हट्ट फक्त नवऱ्यापुरता होता. एवढं ऐकून भावसिंग उठला आणि शेवटच्या गाडीने परत आला. वाटेत तो एकटाच हसत होता असं कंडक्टरने नंतर गल्लीत सांगितलं.

घरी आल्यावर तो मिनाच्या समोर जाऊन उभा राहिला. तुमच्या वर्गात लग्न झालेलं कुणी आहे का, असं त्याने विचारलं. प्रश्न अभ्यासाचा असल्यामुळे मिनाला गप्प राहता आलं नाही.

"अर्ध्या वर्गाचं झालंय," ती म्हणाली.

त्या अर्ध्या वर्गातली प्रतिक्षा कळमनुरीहून यायची. पाटलाची सून, एक चार वर्षांचं पोर, आणि सगळ्या वर्गात मोठ्याने हसणारी. तिला विचारायचा अवकाश, ती तयार. सासऱ्यांना विचारलं का, असं मिनाने विचारलं तर म्हणाली, ते हळद घेऊन मार्केटला गेलेत, भाव उतरला की तिकडंच रागावून बसतात, तोवर माझं आटपून होईल.

गेट मोकळं झालं. आता राहिला विजयकुमार.

इथं भावसिंगचं खरं हस्तकौशल्य. त्याने विजयकुमारला मापाला बोलावलं. विजयकुमार म्हणाला की मी तर भाषण करणार, मला माप कशाला? भावसिंग म्हणाला, असू दे, उभा तर राहा. आणि त्याने त्याला दुकानातल्या उभ्या आरशापुढे आणलं. डोक्याला भगवा फेटा बांधला, अंगरखा चढवला, कमरेला शेला कसला, हातात पुठ्ठ्याची तलवार दिली, आणि गोंद लावून मिशीला पीळ दिला. मग तो बाजूला झाला आणि एक शब्द बोलला नाही. भावसिंग न बोलणं म्हणजे काय ते गल्लीला विचारा.

विजयकुमारने आरशात पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मोबाईल काढला.

"हे गेटवर कोन घालणार हाय, काका?"

"तुमच्या वर्गातला भागवत म्हनत होता," भावसिंग खोटं बोलला. "पन त्याला खांद्यात ढिलं होतं. तुला बराबर बसून राहिलं."

"मग भाषन?"

"ते तुझं तू बघ बाबा. मला काय कळतं त्यातलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयकुमार मॅडमपुढे उभा होता. म्हणाला की ज्याने लिहिलं त्याने बोलावं हे बरं दिसतं. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मिशीचा गोंद अजून ओठावर होता. त्या म्हणाल्या की मलाही तसंच वाटत होतं.

राहिला भागवत. औंढ्याकडचा आंध समाजाचा पोरगा, बारीक, शांत. त्याच्या वाट्याला तो पानांचा घागरा आला होता. त्याने तो हातात धरून उलटसुलट केला. "काका, माझा बाप पँट घालतो. आजा धोतर घालायचा. हे कोन घालतं?"

भावसिंग खरं ते बोलला. "गॅदरिंगवाले."

मग त्याने तो घागरा पेटीच्या तळाशी टाकला आणि भागवतला काश्मिरी कोट दिला, कारण मापाला तोच बसत होता. एकदा हा दरवाजा उघडल्यावर मग कोण ऐकतं? ज्याला जे बसेल ते, असा भावसिंगचा जुना नियम. मोहल्ल्यातली एक मुलगी कोळीण झाली, तांड्यावरचा धर्मसिंग भांगड्याच्या लुंगीत गेला. एक विजयकुमार सोडला, तर आपापल्या समाजाचा वेष घातलेला माणूस गेटवर औषधाला उरला नाही.

समिती आली तो दिवस छान थंड होता. याडी पहाटेच येऊन प्रतिक्षाला सजवून बसली होती. प्रतिक्षा चालली की चांदी वाजायची आणि ती मुद्दाम दोन पावलं जास्त चालायची. मॅडमनी गेटवरची रांग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, डोळे मिटले, उघडले, आणि आता जे होईल ते होवो अशा चेहऱ्याने बाजूला उभ्या राहिल्या.

समितीचे प्रमुख चांगले गृहस्थ होते. प्रतिक्षापुढे थांबून त्यांनी हिंदीत विचारलं की बेटी, तुम्हारा तांडा कौनसा?

"तांडा नाही साहेब," प्रतिक्षा म्हणाली. "मैं कळमनुरी के पाटील की बहू."

साहेबांनी शेजारच्या काश्मिरी माणसाकडे पाहिलं. भागवत म्हणाला, औंढा. साहेब पुढे कुणाला काही विचारायच्या भानगडीत पडले नाहीत.

सभागृहात मिना साध्या निळ्या पंजाबी ड्रेसमध्ये उभी राहिली. भावसिंग मागच्या दाराशी होता, कपड्यांवर चहा सांडू नये म्हणून आलो असं शिपायाला सांगून आत शिरलेला. पहिली दोन वाक्यं तिने भराभर उरकली. भावसिंगने सफारीची दोन्ही टोकं मुठीत धरली. मग ती लयीत आली. ती सांगत होती की दिवाळीनंतर वर्गातले काही बाक रिकामे होतात, आणि हजेरीत त्यांना गैरहजर म्हणतात, पण ती पोरं उसाच्या फडात हजर असतात. पहिली बस चुकली की शिकणं चुकतं अशी किती गावं आहेत ते सांगत होती. लग्न झालेल्या मुली परीक्षेचा दिवस सासूला कसा कळवतात, ते सांगितलं तेव्हा अर्धा वर्ग हसला, लग्न झालेला अर्धा. समितीतल्या एक बाई लिहून घेऊ लागल्या.

शेवटी ती म्हणाली, "माझ्या यादीत एकच प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर बहुतेकांचं सारखं आलं. ते मी सांगत नाही, तुम्ही पाहा. ज्यांच्या घरातून याआधी विद्यापीठात कुणीच आलं नव्हतं, त्यांनी हात वर करा."

काश्मिरी कोटाचा हात वर गेला. कोळणीचा गेला. मावळ्याने तलवारीसकट हात वर केला आणि शेजारच्याला टोचली. प्रतिक्षाचा आरशांचा हात गेला, चांदी वाजली. वेष न घातलेल्यांचे तर सगळ्या सभागृहात गेले. कडेला उभ्या आकांक्षा मॅडमनी हातातली फाईल काखेत धरली, आणि त्यांचाही हात वर गेला. आणि अगदी मागे, दाराजवळ, एक राखाडी सफारीचा हात वर होता. शिपाई त्याला खाली घ्या, खाली घ्या म्हणत होता, पण हात खाली आला नाही.

मिनाने तो पाहिला. पुढचं वाक्य ती विसरली, मग धन्यवाद म्हणून खाली उतरली.

संध्याकाळी दुकानात सगळे कपडे परत येऊन पडले होते. मिना घड्या घालायला बसली. याडी प्रतिक्षाच्या पोराला खारीक देऊन चांदी मोजून घेत होती.

"बापू, तुमी काहून हात वर केला? तुमी काय विद्यार्थी हाय का?"

"न्हाई," भावसिंग म्हणाला. "पन आत तर आलो होतो. आपल्या घरातून कोन आलं होतं आधी?"

"मी," मिना म्हणाली. "दोन वर्षांपासून."

भावसिंगने बोटांवर हिशेब करून पाहिला. "व्हय," तो म्हणाला. "ते चुकलंच माझं."

दोघंही हसले नाहीत असं नाही. मग मिनाने सांगितलं की समितीतल्या त्या बाईंनी हेच सगळं विद्यापीठाच्या मोठ्या आवारात, नांदेडला येऊन मांड म्हणून सांगितलं आहे. पुढच्या महिन्यात. भावसिंगने हातातला फेटा खाली ठेवला. तोंड उघडलं. कपाटाकडे पाहिलं, जिथं गुलाबी जरीचं एक नवंकोरं लुगडं त्याने कुणालाच अजून दिलेलं नव्हतं. तोंड मिटलं.

"काय घालून जाशील?" त्याने विचारलं.

"बघू," मिना म्हणाली.

आणि भावसिंग राठोड तेवढ्यावर गप्प बसला.